ग. दि. माडगूळकर (बालगीतकार)

गजानन दिगंबर माडगूळकर ऊर्फ गदिमा (जन्म : शेटफळे, १ ऑक्टोबर १९१९, मृत्यू : पुणे, १४ डिसेंबर १९७७) हे मराठी कवी, गीतकार, पटकथा-संवादलेखक, कथाकार आणि अभिनेते होते. 'गीतरामायणा'चे कवी म्हणून ते सर्वपरिचित आहेत. दीडशेहून अधिक चित्रपटांशी लेखक, गीतकार किंवा नट म्हणून त्यांचा संबंध आला. त्यांनी लहान मुलांसाठी लिहिलेली गाणी संख्येने फार नाहीत. तरीही 'नाच रे मोरा', 'झुकझुक झुकझुक अगीनगाडी', 'एका तळ्यात होती', 'गोरी गोरी पान' आणि 'शेपटीवाल्या प्राण्यांची' ही गाणी गेल्या अनेक दशकांत मराठी घरांत, बालवाड्यांत व खेळाच्या अंगणात इतकी रुळली आहेत की त्यांना कोणी एक कर्ता आहे याचेच अनेकांना विस्मरण झाले आहे. प्रस्तुत लेखात माडगूळकरांच्या जीवनाचा आढावा प्रामुख्याने या बालगीतांच्या अंगाने घेतला आहे.

जन्म आणि बालपण

माडगूळकरांचा जन्म शेटफळे या गावी आजोळी झाला. जन्मतः मूल रडले नाही, हालचालही दिसेना, म्हणून ते मृत समजून पुरण्याची तयारी झाली होती. सुइणीने बेंबीजवळ निखारा धरल्यावर ते रडू लागले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते. माडगूळ हे त्यांचे मूळ गाव. ही दोन्ही गावे माणदेशात, आजच्या सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात आहेत. त्या काळी हा मुलूख औंध संस्थानात मोडत असे. पाऊस कमी, जमीन माळरानाची, नदी माण. ती वर्षातील बराच काळ कोरडी. ज्या कवीने मराठी मुलांच्या तोंडी ढग, पाऊस, मोर आणि तळे दिले तो अशा अवर्षणी प्रदेशात वाढला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

वडील दिगंबरपंत औंध संस्थानात कारकून होते. पगार तुटपुंजा, कुटुंब मोठे आणि बदल्या वारंवार, त्यामुळे घरात ओढगस्त असे. आई बनूताई या जात्यावर दळताना ओव्या गात आणि स्वतःही रचत. थोरला मुलगा गजानन आणि धाकटा व्यंकटेश (पुढे 'बनगरवाडी'चे लेखक म्हणून प्रसिद्ध झालेले व्यंकटेश माडगूळकर) असे दोन मोठे लेखक या एकाच घरातून निघाले. दोघांच्याही भाषेत माणदेशी बोलीचा आणि आईच्या बोलण्याचा अंश आहे. व्यंकटेश माडगूळकरांकडे त्यातील गद्य गेले आणि गदिमांकडे चाल गेली, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

माणदेशात आश्विन महिन्यात, सूर्य हस्त नक्षत्रात गेला की, मुलींचा हादगा बसे. पाटावर हत्तीचे चित्र काढून त्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची, असा हा खेळ. याशिवाय कीर्तन, भजन, गोंधळ, पोवाडा, तमाशातील लावणी असे गाण्याचे नाना प्रकार लहानपणीच त्यांच्या कानावर पडले. अक्षरओळख होण्याआधी कानाला ठेका ओळखता येऊ लागला, ही त्यांच्या घडणीतील मुख्य गोष्ट होय.

शिक्षण

प्राथमिक व माध्यमिक शिक्षण आटपाडी, कुंडल आणि औंध येथे झाले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे चित्रकार, कीर्तनकार आणि कलांचे आश्रयदाते असल्याने तेथील शाळेत नाटक, वक्तृत्व, गायन यांना वाव होता. गजानन या सर्वांत पुढे असे. गणितात मात्र त्याची गती नव्हती आणि मॅट्रिकची परीक्षा त्यामुळेच हुकली. घरची परिस्थिती पाहता मॅट्रिक न होणे म्हणजे सरकारी नोकरीचा मार्ग बंद होणे. वडिलांच्या कारकुनीच्या पगाराला हातभार लावण्याची अपेक्षा ज्या मुलाकडून होती तो रिकाम्या हाताने घराबाहेर पडला.

कुंडलशी त्यांचे नाते पुढेही टिकले. सातारा-सांगली भागातील स्वातंत्र्यचळवळीसाठी त्यांनी पोवाडे व पदे रचली आणि कुंडलचे शाहीर शंकरराव निकम यांनी ती गावोगावी गायली. चार माणसांच्या नव्हे तर चार हजार माणसांच्या तोंडी एकदम बसेल अशी ओळ कशी असावी लागते, याचा अभ्यास त्यांना येथे घडला. बालगीताची आणि पोवाड्याची गरज या एका बाबतीत सारखीच असते. दोन्हींत ऐकणाऱ्याच्या हाती पुस्तक नसते, आणि ओळ पहिल्या ऐकण्यातच पाठ व्हावी लागते.

चित्रपटसृष्टीत प्रवेश

मास्टर विनायक यांच्या 'ब्रह्मचारी' (१९३८) या चित्रपटात छोट्या भूमिकेने त्यांची सुरुवात झाली. कोल्हापूर येथे वि. स. खांडेकर यांच्या सहवासात काही काळ लेखनिकाचे कामही त्यांनी केले. नंतर नवयुग चित्रपट संस्थेत के. नारायण काळे यांचे साहाय्यक असताना 'भक्त दामाजी' व 'पहिला पाळणा' (दोन्ही १९४२) या चित्रपटांसाठी त्यांनी गीते लिहिली. त्याच सुमारास त्यांचा विद्याताईंशी विवाह झाला. १९४७ सालच्या 'रामजोशी' या चित्रपटाच्या लेखनाने ते पहिल्या प्रतीचे पटकथाकार आणि गीतकार म्हणून स्थिरावले. पुढच्या वर्षी गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत माडगूळचे घर भस्मसात झाले. या दिवसांचे चित्रण व्यंकटेश माडगूळकरांच्या 'वावटळ' या कादंबरीत आले आहे. गदिमांनी बिऱ्हाड पुण्यात केले, आणि काही वर्षांनी मुंबई-पुणे रस्त्यावर 'पंचवटी' हा बंगला घेतला.

चित्रपटाच्या धंद्यात गीतकाराला बहुधा आधी प्रसंग सांगितला जातो. पुष्कळदा चालही आधीच तयार असते आणि शब्द तिच्या मापाने बसवावे लागतात. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावे. पुष्कळ कवींना ही बंधने जाचली. माडगूळकरांना ती अनुकूल ठरली, कारण जात्याच्या फेऱ्यात ओवी बसवणाऱ्या आईकडून त्यांनी हेच शिकले होते. शब्दांनी कामाच्या लयीत बसायचे, काम शब्दांसाठी थांबत नाही.

मुलांच्या खेळगीतांची परंपरा

माडगूळकरांच्या बालगीतांचे वेगळेपण कळण्यासाठी त्यांच्याआधी मुलांच्या तोंडी काय होते हे पाहिले पाहिजे. मराठी मुलांच्या गाण्यांचे दोन प्रवाह होते आणि ते एकमेकांना फारसे भेटत नसत.

एक प्रवाह अंगणातला. फुगडी, झिम्मा, पिंगा, दोरीवरच्या उड्या, टिपऱ्या, राज्य कोणावर हे ठरवण्यासाठी चकताना म्हणायच्या ओळी, बाळाला मांडीवर झुलवताना म्हणायची बडबडगीते, हे सारे मौखिक होते. त्यांतील कित्येक शब्दांना अर्थ नसतो. शब्द तेथे अर्थासाठी नव्हे, तर पाय जमिनीवर केव्हा टेकायचा हे सांगण्यासाठी येतात. दोरीवर उडी मारणाऱ्या मुलीला दर दोन मात्रांना एक आघात लागतो. आठ मात्रांच्या एका आवर्तनात अशा चार उड्या बसतात, पाचव्या उडीला नवे आवर्तन सुरू होते. ओळ एका मात्रेनेही चुकली तर दोरी पायात अडकते. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या खेळगाण्यांत लयदोष सापडत नाही. सदोष ओळी खेळणाऱ्यांनीच गाळून टाकलेल्या असतात.

दुसरा प्रवाह शाळेतला व मासिकांतला. रेव्हरंड टिळक, दत्त, पुढे ग. ह. पाटील यांसारख्या कवींनी मुलांसाठी उत्तम कविता लिहिल्या. १९०६ साली वा. गो. आपटे यांनी सुरू केलेल्या 'आनंद' मासिकाने बालवाङ्मयाला घर दिले. ताराबाई मोडक यांनी १९३६ साली दादरला सुरू केलेल्या शिशुविहाराने आणि त्यानंतरच्या बालशिक्षणाच्या चळवळीने हावभाव करून म्हणता येतील अशा गाण्यांची निकड दाखवून दिली. तरीही छापील बालकविता बव्हंशी वडीलधाऱ्यांच्या आवाजात बोलत असे. निसर्गाचे वर्णन संपता संपता ईश्वराची थोरवी, परिश्रमाचे महत्त्व किंवा आज्ञापालनाचा धडा येई. ती कविता मुले पाठ करत आणि परीक्षेत लिहीत. खेळताना मात्र ती म्हणत नसत.

माडगूळकरांनी हे दोन प्रवाह एकत्र आणले. अंगणातल्या गाण्याचा ठेका त्यांनी तसाच ठेवला, त्यात कवितेचे चित्र भरले आणि उपदेश बाहेर ठेवला.

प्रमुख बालगीते

'गोरी गोरी पान' व 'एका तळ्यात होती' ही दोन गीते १९५० च्या दशकाच्या आरंभी श्रीनिवास खळे यांच्या संगीतात आशा भोसले यांनी गायली. खळे तेव्हा नवे होते, आणि या ध्वनिमुद्रिकेने त्यांना नाव मिळवून दिले. पहिल्या गाण्यात लहान भावंड मोठ्या भावाकडे वहिनी आणण्याचा हट्ट धरते. घरातील लग्नाचा विषय मुलाच्या बाजूने मांडल्यामुळे त्यात गंमत येते. वहिनी म्हणजे मुलाच्या लेखी खेळायला मिळणारी एक नवी सवंगडी. गौरवर्णाचे कौतुक आज काही वाचकांना खटकते आणि ते खटकणे रास्तही आहे. त्या काळच्या लग्नाच्या बाजाराची ती खूण गाण्यात राहून गेली आहे.

'एका तळ्यात होती' हे गीत हान्स अँडरसन यांच्या १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या कुरूप बदकपिल्लाच्या कथेवर आधारलेले आहे. मूळ डॅनिश कथा लांबलचक आहे. तीत कोंबड्या, मांजर, शेतकऱ्याची बायको, हिवाळ्यातील गोठलेले तळे अशी पुष्कळ सामग्री येते. माडगूळकरांनी ती सर्व बाजूला सारून केवळ तळे, सुरेख पिल्ले आणि त्यांच्यातील एक वेगळे पिल्लू एवढेच घेतले. कोणी खेळायला घेत नाही म्हणून ते एकटे रडते, आणि एके दिवशी पाण्यात स्वतःचे प्रतिबिंब पाहून आपण राजहंस असल्याचे त्याला उमगते. अँडरसनच्या कथेत इतर हंस त्याला आपलेसे करतात. गीतात ओळख पटते ती स्वतःची स्वतःला. मॅट्रिक हुकलेल्या कारकुनाच्या मुलाचे आयुष्य या गाण्यामागे आहे असे म्हणण्यास पुरावा नाही, तसे म्हणण्याची आवश्यकताही नाही. परंतु वर्गात मागे बसणाऱ्या, शर्यतीत नेहमी शेवटी येणाऱ्या मुलांसाठी मराठीत याहून मोठा दिलासा क्वचितच लिहिला गेला असेल, आणि तोही उपदेशाचा एकही शब्द न वापरता. मराठी बालगीतांत दुःखाला इतकी मोकळी जागा देणारे गाणे विरळाच.

'नाच रे मोरा' हे गीत राम गबाले यांनी दिग्दर्शित केलेल्या 'देवबाप्पा' (१९५३) या चित्रपटातील आहे. संगीत पु. ल. देशपांडे यांचे, स्वर आशा भोसले यांचा. माडगूळकर, देशपांडे आणि 'गीतरामायणा'चे संगीतकार सुधीर फडके हे तिघेही १९१९ साली जन्मलेले. आंब्याच्या बनात पाऊस येण्यापूर्वीची आणि पाऊस येतानाची दृश्ये या गाण्यात एकामागून एक येतात. ढग वाऱ्याशी खेळतात, विजेचा प्रकाश पडतो, थेंब पानांवर नाचतात, आणि प्रत्येक कडव्यानंतर मोराला नाचण्याची आज्ञा पुन्हा दिली जाते. आज्ञेचे हे पालुपद दोन अक्षरी क्रियापदाचे आहे. ते मोराला उद्देशून असले तरी प्रत्यक्षात नाचतात ती ऐकणारी मुले. बालवाडीत या गाण्यावर हावभाव शिकवावे लागत नाहीत, कारण प्रत्येक ओळीत कोणती ना कोणती क्रिया आहे. बालगीतात विशेषणांपेक्षा क्रियापदे अधिक हवीत हे भान येथे दिसते. पुलंची चालही तशीच मोजक्या स्वरांत फिरणारी आहे. न गाणाऱ्या मुलालाही ती पेलते.

'झुकझुक झुकझुक अगीनगाडी' हे लयीच्या दृष्टीने सर्वांत नेमके गाणे म्हणावे लागेल. शीर्षकाच्या ओळीचे दोन भाग पडतात, प्रत्येक भाग आठ मात्रांचा. पहिल्या भागात दोन मात्रांचे एकच अक्षरयुग्म चार वेळा येते, म्हणजे आगगाडीचा आवाज, दोरीवरची उडी आणि मात्रांचे गणित ही तिन्ही एकाच ठिकाणी जुळतात. शाळेत गणिताने ज्याला अडवले त्याने हे दुसरे गणित कधी चुकवले नाही. मुले एकमेकांच्या सदऱ्याचा शेव धरून रांग करतात आणि गाणे म्हणत धावतात. हा खेळ कोणी नेमून दिलेला नाही, तो ओळीतच दडलेला आहे. गाडी जाते ती मामाच्या गावाला. मामा श्रीमंत, मामी सुगरण, जेवणात गोडधोड, परत येताना नवे कपडे, असे सुट्टीतील सुखाचे चित्र गाण्यात आहे. माडगूळला रेल्वे नव्हती. कुंडलजवळून मात्र पुणे-कोल्हापूर मार्गाची गाडी जात असे. ज्या घरी रोजच्या भाकरीची विवंचना होती तेथील मुलाला मामाघरची ती मेजवानी केवढी मोठी वाटत असेल, याची कल्पना वाचकाने करावी.

या गाण्यातील गाडी महाराष्ट्राच्या प्रत्येक भागात निराळी होती. वऱ्हाडात मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा मार्गे यवतमाळला जाणारी अरुंद मापाची 'शकुंतला' १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत होती. आजच्या वाशीम जिल्ह्यातील इंझोरी हे गाव कारंजा-मानोरा पट्ट्यात येते. त्या परिसरातील दोन-तीन पिढ्यांच्या मुलांना धूर सोडत सावकाश जाणारी अगीनगाडी गाण्यात शोधावी लागली नाही. माणदेशच्या हादग्याऐवजी तेथे भुलाबाई बसते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलोजी-भुलाबाईच्या मातीच्या मूर्तींपुढे मुली टिपऱ्यांवर गाणी म्हणतात आणि खिरापत ओळखतात. गाण्यांचे शब्द माणदेशाहून पुष्कळ वेगळे आहेत, ठेका मात्र परका नाही. एका प्रांतातील कवीचे गीत दुसऱ्या प्रांतातील अंगणात अडखळल्याशिवाय शिरले त्याचे एक कारण हेही असावे.

'शेपटीवाल्या प्राण्यांची' हे गीत पाठ्यपुस्तकांमुळे अधिक पसरले. शेपूट असणाऱ्या प्राण्यांची सभा भरते, आणि शेपटीचा आपण काय उपयोग करतो ते जो तो सांगू लागतो. सभा, अध्यक्ष आणि भाषणे या मोठ्यांच्या जगाची चेष्टा त्यात आहे. माडगूळकर स्वतः १९६२ ते १९७४ या काळात महाराष्ट्र विधान परिषदेचे सदस्य होते, ही गोष्ट लक्षात घेता हे गीत वाचताना मौज वाटते.

गीतरामायण व अन्य लेखन

पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर दर आठवड्यास प्रसारित झालेले 'गीतरामायण' हे माडगूळकरांचे सर्वांत गाजलेले काम. सीताकांत लाड यांच्या योजनेनुसार ते आकारास आले. गीते ५६, संगीत सुधीर फडके यांचे. त्याचा तपशील स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच नोंदवायचे की त्यातही बाळ रामाचे कौतुक करणारे 'सावळा ग रामचंद्र' हे कौसल्येचे गीत आहे, आणि माणदेशी आईने मुलाला न्हाऊमाखू घालावे तितक्या घरगुती शब्दांत ते रचलेले आहे.

'जोगिया', 'चैत्रबन', 'पूरिया' हे गीत-कवितासंग्रह, 'कृष्णाची करंगळी', 'तीळ आणि तांदूळ' हे कथासंग्रह, 'आकाशाची फळे' ही कादंबरी (हिच्यावरून १९६१ साली 'प्रपंच' हा चित्रपट निघाला), 'मंतरलेले दिवस' व 'वाटेवरल्या सावल्या' ही आत्मपर पुस्तके त्यांनी लिहिली. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या हिंदी चित्रपटाची कथा त्यांची. १९६९ साली त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला.

कवी की गीतकार

माडगूळकरांच्या हयातीत त्यांच्या वाट्याला अफाट लोकप्रियता आली, परंतु समीक्षकांनी त्यांना दीर्घकाळ गीतकार याच सदरात ठेवले. मर्ढेकरांनंतरच्या नवकवितेचा तो काळ होता. कविता एकांतात वाचायची, तिच्यात व्यक्तीचे अंतर्मन उमटायचे, ही धारणा दृढ होत होती. मागणीनुसार, ठरलेल्या मुदतीत, चालीच्या मापाने लिहिलेल्या शब्दांना कविता म्हणावे काय, असा प्रश्न उपस्थित केला जाई. बालगीतांकडे तर समीक्षकांनी लक्षच दिले नाही. पुढे विंदा करंदीकर यांच्या 'राणीची बाग' (१९६१) पासूनच्या बालकविता आणि मंगेश पाडगावकर, शांता शेळके यांचे बाललेखन यांची चर्चा झाली, ती बव्हंशी छापील संग्रहांमुळे. माडगूळकरांची मुलांची गाणी ध्वनिमुद्रिका, चित्रपट व आकाशवाणी यांमधून ऐकली गेली, त्यामुळे परीक्षणासाठी समोर ठेवण्याजोगे पुस्तक तेव्हा हाताशी नव्हते.

विंदांची बालकविता अधिक विक्षिप्त आणि कल्पनेच्या बाबतीत अधिक धाडसी आहे हे मान्य करावे लागते. तर्काला उलटे टांगणारी जी गंमत तिच्यात आहे ती माडगूळकरांत क्वचितच दिसते. त्यांचे जग ओळखीचे आहे. मामा, दादा, वहिनी, मोर, बदक, गाडी यांच्यापलीकडे ते फारसे जात नाहीत. मात्र मुलाच्या जिभेवर आणि पायात गाणे बसवण्याच्या कौशल्यात त्यांची बरोबरी करणारा कवी दाखवणे कठीण आहे. मागणीनुसार लिहिले म्हणून गाणे हलके ठरत असेल, तर जात्यावरची ओवी आणि फुगडीचे गाणे हीही कामासाठी आणि खेळासाठीच रचलेली आहेत.

या पार्श्वभूमीवर १९७३ साली यवतमाळ येथे भरलेल्या ४९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, याला महत्त्व आहे. चित्रपटासाठी लिहिणाऱ्या गीतकाराला साहित्यसंस्थेच्या सर्वोच्च मानाच्या पदावर बसवण्याचा तो प्रसंग होता. औंधच्या शाळेतून मॅट्रिक न होता बाहेर पडलेल्या मुलाने साडेतीन दशकांनंतर वऱ्हाडात, भुलाबाईच्या मुलुखात, मराठी साहित्यिकांचे प्रतिनिधित्व केले.

मृत्यू आणि स्मृती

१४ डिसेंबर १९७७ रोजी पुणे येथे वयाच्या ५९ व्या वर्षी माडगूळकरांचे निधन झाले. पत्नी विद्या माडगूळकर यांनी 'आकाशाशी जडले नाते' या पुस्तकात त्यांच्या सहजीवनाच्या आठवणी लिहिल्या आहेत. ग. दि. माडगूळकर प्रतिष्ठानतर्फे दरवर्षी त्यांच्या स्मृतिदिनी पुरस्कार दिले जातात. पुण्यात त्यांचे स्मारक व्हावे ही चाहत्यांची मागणी अनेक वर्षे प्रलंबित राहिली. २०१९ साली माडगूळकर, पु. ल. देशपांडे आणि सुधीर फडके या तिघांची जन्मशताब्दी एकाच वर्षी आली आणि महाराष्ट्रात व परदेशांतील मराठी मंडळांत ती साजरी झाली.

बालगीतांचा प्रवास या सोहळ्यांपासून दूर, निराळ्याच वाटेने चालू राहिला. बालवाडीतील शिक्षिका, अंगणवाडी सेविका, आजी आणि मोठी बहीण यांच्या तोंडून ती मुलांपर्यंत जातात. जाता जाता शब्द थोडे बदलतात, एखादे कडवे गळते, एखाद्या गावी मामाच्या नावाऐवजी स्वतःच्या मामाचे नाव घातले जाते. मूळ संहितेचा आग्रह धरणाऱ्या अभ्यासकाला हे रुचणार नाही. पण खेळगीतांच्या बाबतीत अंगणात असेच घडत आले आहे, आणि ही गाणी त्यांच्या कवीने जेथून ठेका उचलला त्या मौखिक परंपरेतच पुन्हा जाऊन मिसळली आहेत. महाराष्ट्रातील कोणत्याही गावी संध्याकाळी दोरीवर उड्या मारणाऱ्या किंवा रांग करून धावणाऱ्या मुलांना हे गाणे कोणाचे असे विचारले, तर बहुधा ती आपल्या बाईंचे किंवा आजीचे नाव सांगतात.